‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ : त्या मेसेजमधला एकेक दावा

विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यात परत एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं किंवा दहाचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील. वर्षाखाली ‘एच’ अक्षर असलेला १९८५ चा रुपया असेल तर अडीच लाख. भारताचा नकाशा असलेल्या दोन रुपयांच्या नाण्याला पाच लाख. राम-सीता-हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं असेल तर सांगाल ती किंमत. राणीछाप रुपया जितका जुना तितका भाव जास्त. आणि शेवटी : ‘व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने होतो, लगेच फोटो पाठवा.’

मी नाणी जमवतो आणि गावातली माणसं आपली नाणी दाखवायला माझ्याकडे आणतात. या मेसेजपायी कष्टाचे पैसे गेलेली घरं मला माहीत आहेत. जपण्यासारखी नाणी आटणीला गेलेलीही पाहिली आहेत. म्हणून दावे एकेक करून घेतो.

वैष्णोदेवी आणि नकाशा. वैष्णोदेवीची नाणी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली निघाली आणि त्यातली पाचाची-दहाची थेट चलनात सोडली गेली. दुकानात सुट्ट्यांत मिळावीत एवढी ती पाडली होती. नकाशाचं दोन रुपयांचं नाणं तर १९९० च्या दशकात आणि पुढे २००४ पर्यंत टांकसाळीतून कोट्यवधींनी बाहेर पडलं. ज्याला हवं त्याला ते गल्ल्यात हात घालून सापडतं, त्यासाठी पाच लाख कोण मोजेल? अगदी कोरं, हाताळणीचा ओरखडाही नसलेलं असेल तर संग्राहक दर्शनी किमतीहून थोडं जास्त देतो. त्यापलीकडे काही नाही. ७८६ आकड्याच्या नोटांचंही तसंच. हौशी माणूस आवडीच्या आकड्यासाठी चार पैसे जास्त देतो, पण त्यातून कुणाचं घर उभं राहत नाही.

‘एच’ खुणेचा १९८५ चा रुपया. इथे मेसेज लिहिणाऱ्याने अर्धी खरी माहिती वापरली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रत्येक टांकसाळ आपली खूण वर्षाच्या आकड्याखाली ठेवते. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची तारा, १९८८ पासून सुरू झालेल्या नोएडाची टिंब, आणि कोलकात्याची खूणच नसते. १९८५ च्या सुमारास देशात सुट्ट्या पैशांची मोठी टंचाई होती. आपल्या टांकसाळींना काम झेपेना, तेव्हा सरकारने परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून घेतली. ‘एच’ ही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. ती परदेशी आहे हे खरं. पण परदेशात काम दिलं कशासाठी? नाणी फार मोठ्या संख्येने हवी होती म्हणूनच. टंचाई मिटवायला आणलेलं नाणं दुर्मिळ कसं असेल? खुणा बघायची सवय मात्र जरूर लावून घ्या. एकाच वर्षाचं नाणं एका टांकसाळीचं सर्रास सापडतं आणि दुसऱ्या टांकसाळीचं मिळता मिळत नाही, असं खरंच होतं.

१८१८ चं रामाचं नाणं. हा दावा सातारा-सांगलीत तरी कुणी मान्य करू नये. १८१८ म्हणजे पेशवाई संपली ते साल. त्या वर्षी आपल्या बाजारात काय चालत होतं हे ठाऊक आहे : तांब्याची शिवराई, चांदीचा अंकुशी रुपया आणि आणखी चारदोन जातींचे रुपये. अंकुशीवर नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि खूण अंकुशाची. कंपनीने सगळीकडे एकसारखं नाणं सुरू केलं ते १८३५ साली. त्याआधी कंपनीचे मुंबई, मद्रास, बंगाल असे तिन्ही इलाखे आपापली नाणी पाडत होते आणि राम-सीता-हनुमानाचं नाणं त्यात कुठेही नाही. हातात येतात ते बहुतेक नंतर कुणीतरी पाडलेले देवघरातले टाक, पितळेचे नाहीतर तांब्याचे. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही. याच तुकड्यांना ‘तांदूळ ओढणारं नाणं’, ‘राइस पुलर’ म्हणून विकणाऱ्या टोळ्या मात्र निव्वळ लुटारू आहेत. तांदूळ ओढेल असा कोणताही धातू नाही.

जितकं जुनं तितकं महाग. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती या समजुतीने. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची शिशाची-तांब्याची झिजलेली नाणी आजही काहीशे रुपयांत मिळतात. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला एकाच ठिकाणी नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. इतिहासाला अमोल असा ठेवा. पण एक सुटं नाणं घेतलं, तर इतकी भावंडं असलेल्या नाण्याचा भाव आभाळाला भिडत नाही.

शिवराईचंही लोकांना नीट कळत नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांच्या नावाचं नाणं हातात आलं की माणूस गहिवरतो, मीही गहिवरतो. पण या मजकुराची शिवराई महाराजांनंतर छत्रपतींनी आणि पेशव्यांनी थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली. साताऱ्यात जुन्या वाड्यांच्या फडताळांत मिळते ती बहुधा उशिराची, वजनाला हलकी, अक्षरं अर्धवट उमटलेली. ती काहीशे रुपयांना जाते. भरीव वजनाच्या, अक्षरवळण जुनं आणि स्वच्छ असलेल्या शिवराईची किंमत वेगळी. महाराजांचा सोन्याचा होन मात्र खराखुरा दुर्मिळ आहे आणि म्हणूनच बाजारात नकली होनांचा सुळसुळाट आहे.

राणीछाप रुपयाची गोष्ट तर अजून मजेशीर. १८६२ साल असलेला रुपया बघून लोक हरखतात. पण सरकारने ते साल नाण्यावर गोठवलं होतं. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ च छापत राहिले, म्हणून तो घरोघरी आहे. त्याआधीच्या १८४० च्या रुपयाचंही तेच झालं. पहिल्या महायुद्धात रुपयांना चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानाकडे आली. १९१८-१९ चे रुपये ढिगाने दिसतात ते त्यामुळेच.

आता उलटं उदाहरण. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया वरच्या सगळ्या चांदीच्या रुपयांहून तरुण, पण ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयांमध्ये सर्वांत दुर्मिळांत त्याची गणना होते. तो मोजकाच बाहेर आला, पुढच्या वर्षी चांदीचं प्रमाण ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आलं, आणि रुपयांचा वर्षवार संच पूर्ण करू पाहणारा प्रत्येक जण याच्याच पाठीमागे लागतो. उरलेत थोडे आणि हवा असणारे पुष्कळ, म्हणून किंमत. १९११ च्या रुपयाची कहाणी तर मेसेजवाल्यांना फारच आवडेल अशी : पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोंबाबोंब झाली, सरकारने बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ ला हत्ती नीट कोरला. तरी तो रुपया आजही बाजारात मिळतो, कारण वितळवूनही मागे बरेच राहिले.

‘नाणं चकचकीत करून फोटो पाठवा.’ काही मेसेजमध्ये हेही असतं आणि वाचून जीव तुटतो. परवा एका घरातून १८६२ चा रुपया दाखवायला आणला होता. भिंगाखाली धरला. राणीच्या मुकुटाच्या वर, ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘क्वीन’ या दोन शब्दांच्या मधोमध राखाडी डाखाचा ठिपका होता, तिथे कधीकाळी माळेत ओवायला कडी बसवलेली. बाकी पृष्ठभागावर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी पितांबरी लावून तो घासला जात होता. केसांच्या बटा आणि झग्यावरची नक्षी सपाट झालेली. संग्राहक पैसे देतो ते याच बारीक नक्षीचे, धातूवरच्या मूळ झळाळीचे आणि वर्षानुवर्षं चढत गेलेल्या काळपट छटेचे. ती छटा म्हणजे मळ नव्हे, ती खरडू नये. चिंच, राख, लिंबू, पावडर, काहीही लावू नका. नाणं कडेने धरा आणि कागदी पाकिटात ठेवा.

एवढं होऊनही त्या रुपयाला एक खालची किंमत होतीच आणि ती कुणी चुकवू शकत नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात ती साधारण ५.८ ग्रॅम उरते. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, त्याला चुंबक चिकटतं. त्या दिवशीचा चांदीचा भाव घ्या आणि गुणाकार करा. त्याहून कमी कुणी देत असेल तर देऊ नका.

इथे माझ्या खानापूर तालुक्यातल्या गलाईवाल्या भावांना कळकळीने सांगायचं आहे. आपल्या गावागावांतली माणसं देशभर सोन्या-चांदीच्या आटणीच्या धंद्यात आहेत. टंच, म्हणजे धातूची शुद्धता काढण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही. पण चांदीचा भाव वर गेला की जुन्या रुपयांची पोतडी सरळ मुशीत जाते आणि साल कुणी पाहत नाही. लगड झाल्यावर १९३९ चा रुपया आणि १९१८ चा रुपया सारखाच. मूस तापायच्या आत रुपये नुसते सालवार लावून बघा. १९३९ दिसला तर ९ चा आकडा भिंगाखाली तपासा, कारण १९३८ च्या ८ ला कोरून ९ केलेले बनावट रुपये पुष्कळ फिरतात. नाण्याच्या कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर ते ओतीव नकली नाणं.

शेतात नांगरताना नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणंही १९७२ च्या कायद्याने बंद आहे. ‘दुबईचा खरेदीदार’ म्हणून फोन आला तर हे लक्षात ठेवा.

‘रिझर्व्ह बँकेची मान्यता.’ हा दावा बँकेनेच खोडून काढला आहे. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की आपलं नाव आणि बोधचिन्ह वापरून काही लोक जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात फी, कमिशन, कर मागत आहेत. बँक असले व्यवहार करत नाही, असं कोणतंही शुल्क घेत नाही आणि ते घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

फसवण्याची रीत ठरलेली आहे. विट्याजवळच्या एका ताईंनी वैष्णोदेवीच्या नाण्याचा फोटो पाठवला. लगेच फोन आला, ‘ताई, तुमचं नाणं मंजूर झालं, गिऱ्हाईक तयार आहे.’ आधी नोंदणीची थोडीशी फी. मग जीएसटी. मग ‘एनओसी’. मग टीडीएस भरला की रक्कम मोकळी होईल. प्रत्येक वेळी आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून त्या पुढचे भरत गेल्या, आणि ते बचत गटातून उचललेले होते. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून एक रुपयाही मागत नाही. तो नाणं हातात घेतो, वजन करतो, भिंग लावतो, भाव सांगतो आणि पैसे देतो. तुम्ही पैसे पाठवून बसला असाल, तर लाजून गप्प राहू नका. त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन करा, बँकेला कळवा, आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, फोन नंबर, चॅट यातलं काहीही डिलीट करू नका.