टायलर चिल्डर्स ऐकायचा तर अख्खा अल्बम ऐका

'फेदर्ड इंडियन्स', 'ऑल युअर्न' आणि 'लेडी मे'. अमेरिकन गायक-गीतकार टायलर चिल्डर्सची ही तीन गाणी कंट्री संगीताच्या बहुतेक प्लेलिस्टमध्ये सापडतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. माझं ठाम मत आहे की या माणसाला सुट्या गाण्यांतून ओळखताच येत नाही. त्याचं अर्धं म्हणणं शब्दांत असतं. उरलेलं अर्धं असतं ते कुठलं गाणं कशानंतर ठेवलंय आणि त्याला साज कुठला चढवलाय यात.

सुरुवात २०१७ च्या 'पर्गेटरी'पासूनच करा. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत संपतो. चिल्डर्स अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व भागातल्या लॉरेन्स काउंटीतला, वडील कोळशाच्या धंद्यात. अल्बम निघाला तो त्याच्या स्वतःच्या हिकमन हॉलर या लेबलवर. 'हॉलर' म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी दरी, तिकडची वस्ती अशाच दऱ्यांमधून पसरलेली असते. निर्माते स्टर्जिल सिम्पसन आणि डेव्हिड फर्ग्युसन, फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर, स्टुअर्ट डंकन. नऊ गाणी बँड जोरात वाजत राहतो, मध्ये दारू, कोकेन, भांडणं, एक खूनसुद्धा. मग दहावं 'लेडी मे' येतं आणि सगळी वाद्यं बाजूला होतात, उरते एक गिटार आणि आवाज. प्लेलिस्टमध्ये हे एक गोड प्रेमगीत आहे. त्या नऊ गाण्यांनंतर ऐकलं की रात्रभर भटकलेला माणूस अंगणात येऊन उभा राहिल्यासारखं वाटतं. शफल, म्हणजे गाणी कुठल्याही क्रमाने वाजवण्याची सोय, चालू असेल तर यातलं काहीच हाती लागत नाही, म्हणून आधी ते बंद करा.

शब्द समजून घ्यायला थोडे कष्ट पडतात. 'व्हाइटहाउस रोड'चा वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसशी काही संबंध नाही, तो पूर्व केंटकीतला रस्ता आहे. 'युअर्न' म्हणजे 'तुझा', तिकडच्या बोलीतलं रूप. 'फेदर्ड इंडियन्स' हे नाव पट्ट्याच्या बकलवरच्या चित्रावरून आलंय. मूळनिवासी अमेरिकनांसाठी ते शब्द खटकणारे आहेत हे मान्य करून त्याने २०२० पासून हे गाणं मंचावर म्हणणं थांबवलं. स्वतःचं सर्वांत लाडकं गाणं बाजूला ठेवायला हिंमत लागते, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आता मुख्य मुद्दा. 'पर्गेटरी' हे शीर्षकगीत चार रूपांत ऐकता येतं, आणि ती चारही एकामागून एक ऐकल्याशिवाय चिल्डर्स कळला असं मी म्हणणार नाही. गाण्यातला पोरगा बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या वळणात वाढलेला. त्याच्या पंथात स्वर्ग नाहीतर नरक, मधलं ठिकाण नाही, आणि आपले प्रताप पाहता आपली रवानगी कुठे होणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो कॅथलिक मुलीला गळ घालतो, कारण तिच्या पंथात स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची एक जागा आहे, तीच 'पर्गेटरी'. वसई-गोव्याच्या कॅथलिक वाचकांना यातली गंमत समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये हे गाणं भरधाव ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलचं जलद डोंगरी संगीत होतं, म्हणजे पोरगा देवापासून पळत होता. २०२२ च्या 'कॅन आय टेक माय हाउंड्स टू हेवन?' या तिहेरी अल्बममध्ये तेच गाणं चर्चच्या वळणाने येतं. शब्द तेच, पण पळणारा आता बाकावर येऊन बसलाय. एकच अभंग दिंडीत टाळ-मृदंगावर आणि मैफलीत तानपुऱ्यावर ऐकताना त्याचा अर्थ कसा सरकतो हे आपल्याला सांगायला लागत नाही. तोच कान इथे लावायचा.

या तिहेरी अल्बमशीच सर्वांत जास्त लोकांचं बिनसतं, आणि कारण साधं आहे. ॲपवर चोवीस ट्रॅक सलग वाजतात. गाणी मात्र आठच आहेत, तीनदा केलेली. नवव्या ट्रॅकला पहिलं गाणं परत सुरू झालं की ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि सतराव्यापर्यंत तो कंटाळलेला असतो. उपाय म्हणजे एका दिवशी एकच भाग. पहिल्या दिवशी 'हालेलुया', त्यात त्याचा बँड द फूड स्टॅम्प्स एका खोलीत बसून वाजवल्यासारखा ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी 'जुबिली', तीच गाणी तंतुवाद्यं आणि पितळी फुंकवाद्यांनी भरलेली. तिसऱ्या दिवशी 'जॉयफुल नॉइज', त्यात गाणी मोडून लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे सुरांचे तुकडे) आणि ध्वनिमुद्रित बोलण्याचे तुकडे जोडलेत. मला 'हालेलुया' सर्वांत जवळचा. 'जुबिली'त एक-दोन ठिकाणी भराव जास्त झालाय असं माझं मत. तिसरा भाग पहिल्यांदा ऐकताना त्रास देतो, तरी वगळू नका. आधीची सोळा रूपं कानात असतील तरच त्यातले तुकडे ओळखू येतात, आणि ओळखू आले की मजा येते. ही तुलना हेडफोनवर करा, फोनच्या स्पीकरवर ऑर्गन आणि बास पार गायब होतात.

२०२० च्या 'लाँग व्हायोलंट हिस्टरी'मध्येही क्रमच सगळं काम करतो. आधी आठ फिडल-धुना, बहुतेक पारंपरिक, शब्द एकही नाही. नववं आणि शेवटचं शीर्षकगीत, पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंबद्दलचं. त्याचा रोख आपल्याच डोंगरी, गोऱ्या श्रोत्यांवर आहे: हे तुमच्या माणसांबाबत घडलं असतं तर? आठ धुनांनी श्रोता स्वतःच्या अंगणात बसल्यासारखा सैलावतो, आणि तेव्हाच हा प्रश्न येतो. नुसतं शेवटचं गाणं ऐकलं तर ते निवेदन वाटतं.

२०१९ चा 'कंट्री स्क्वायर' नऊ गाण्यांचा आणि तुलनेने सोपा, २०२३ चा 'रस्टिन' इन द रेन' सात गाण्यांचा. दोन्ही एका संध्याकाळी होतात.

२०२५ चा 'स्नाइप हंटर' मात्र घाईत ऐकू नका. निर्माता रिक रुबिन, तेरा गाणी, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार खूप पुढे. 'पर्गेटरी' आवडलेल्यांना पहिल्याच गाण्याला धक्का बसतो. त्यांनी आधी 'नोज ऑन द ग्राइंडस्टोन' ऐकावं. बापाने पोराला दिलेला सल्ला आहे तो: काम कर आणि गोळ्यांपासून लांब राहा. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने पूर्व केंटकीतली किती घरं बसली हे ठाऊक असेल तर तो शब्द जड होतो. कित्येक वर्षं हे गाणं फक्त थेट गायनाच्या रूपात होतं, एकटी गिटार आणि तो. आधी त्या थेट गायनाची चित्रफीत पाहा, मग अल्बमवरचं बँडसह ऐका. मला अजून एकट्या गिटारचंच रूप खरं वाटतं. पण याच अल्बमवर 'तीर्थयात्रा' नावाचं गाणंही आहे. होय, आपलीच तीर्थयात्रा. भगवद्गीता वाचून भारतात यात्रेला यायची ओढ लागलेला केंटकीचा माणूस त्यात गातो. ज्याला २०१७ मध्ये मधलं ठिकाण हवं होतं, तोच हा.