दुपारी बारानंतरचा झेंडा

‘मेमोरियल डेला परसात शेगडी पेटवणारे अमेरिकन आपल्या हुतात्म्यांना विसरले आहेत’ हे लेखातील विधान मला पटले नाही. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या या दिवशीचा अमेरिकी राष्ट्रध्वजाचा नियमच पाहावा: दुपारी बारापर्यंत तो अर्ध्यावर असतो आणि त्यानंतर सूर्यास्तापर्यंत पूर्ण उंचीवर फडकतो, म्हणजे शोकानंतरच्या दुपारची सोय खुद्द नियमातच आहे.

न्यू जर्सीतील आमच्या शेजारच्या आजोबांचा थोरला भाऊ व्हिएतनाममध्ये धारातीर्थी पडला. मे महिन्याच्या त्या शेवटच्या सोमवारी सकाळी ते नातवंडांना घेऊन दफनभूमीत जातात, थडग्याभोवतीचे गवत हाताने उपटतात, छोटा झेंडा रोवतात आणि दुपारी आम्हा सर्वांना जेवायला बोलावतात. भावाला कडा करपलेला बर्गर आवडे, म्हणून पहिला बर्गर ते मुद्दाम करपवतात आणि तो वेगळ्या ताटलीत काढून ठेवल्याशिवाय कोणी जेवणाला हात लावत नाही. पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी आठवणीने करणाऱ्या घरात मी वाढलो असल्याने मला यात परके असे काहीच वाटले नाही. खटकायचेच असेल तर त्या आठवड्यातील गाद्यांचे सेल खटकावेत (लेखात त्यांचा उल्लेखही नाही). दुपारी तीन वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता पाळावी, असा कायदा २००० साली झाला, तोही लेखातून सुटला आहे. आजोबा त्या वेळी शेगडीचे झाकण लावतात आणि चिमटा हातात तसाच धरून उभे राहतात.