'फेच प्रून'ने लोकल ब्रँच जात नाहीत

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरणाऱ्यांत 'गिट फेच --प्रून चालवा, मर्ज झालेल्या सगळ्या ब्रँच आपोआप साफ होतील' असा मेसेज फिरतोय. (ब्रँच म्हणजे कामाची वेगळी शाखा, मर्ज म्हणजे ती दुसऱ्या शाखेत, सहसा मेनमध्ये, मिसळणं.) तो चुकीचा आहे.

प्रून फक्त 'ओरिजिन/...' अशा, म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रँचच्या तुमच्याकडच्या नोंदी काढतं, त्याही सर्व्हरवरून ती ब्रँच आधीच उडवलेली असेल तरच. मर्ज झालंय की नाही हे ते बघतच नाही. तुमच्या लोकल (स्वतःच्या संगणकावरच्या) ब्रँच जागेवरच राहतात. 'गिट ब्रँच -व्हीव्ही' केलंत की ज्यांची 'ओरिजिन' नोंद गेली त्यांच्यापुढे 'गॉन' दिसतं.

त्या काढायच्या तर मेन (मुख्य) ब्रँचवर या, पुल करा (सर्व्हरवरचे नवे बदल घ्या), मग 'गिट ब्रँच -डी' (स्मॉल डी) आणि नाव. पुल राहिलं तर मर्ज झालेली ब्रँचही 'पूर्ण मर्ज नाही' म्हणून अडते, कारण 'गॉन' ब्रँचची तुलना तुम्ही आत्ता जिथे आहात तिथल्याशी होते. स्क्वॉश मर्ज (ब्रँचचे सगळे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, एकात गोळा करून केलेलं मर्ज) असेल तर पुल करूनही अडेल, कारण मेनवरचा कमिट वेगळा असतो. अशा वेळी पुल रिक्वेस्ट (मर्ज करण्याची विनंती) बंद नव्हे, मर्ज झाल्याची खात्री करून मगच कॅपिटल डी (मर्ज न तपासता काढणारा). डिलीट होताना कंसात 'वॉज'पुढे येणारा हॅश (कमिटची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे) टिपून ठेवा. चुकलंच तर 'गिट ब्रँच', नाव आणि तो हॅश दिला की ब्रँच परत येते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.