रोख पैसे मोजून घेतलेला फोन आणि नेटपॅकची सक्ती

पूर्ण किंमत एकरकमी मोजून, कोणत्याही कंपनीच्या सिमशी न बांधलेला फोन घ्यावा, घरात वायफाय आहे तर तो घरीच सुरू करावा आणि बाहेर पडल्यावर बोलण्यापुरते रिचार्ज ठेवावे, एवढ्या साध्या अपेक्षेसाठी सांगलीसारख्या जिल्ह्याच्या शहरात माणसाला किती ठिकाणी मान तुकवावी लागते, हे आईचा फोन सुरू करताना मी पाहिले आणि माझा संताप अजून शमलेला नाही. अमेरिकेत अनेक फोन सेवा देणाऱ्या कंपनीच्या कराराने मिळतात आणि करार संपेपर्यंत त्याच कंपनीच्या नेटवर्कपुरते कुलूपबंद राहतात, हे समजण्यासारखे आहे, कारण तिथे फोनची किंमत कंपनीने हप्त्यांत वाटून दिलेली असते. आपल्याकडे बहुतेक माणसे फोनचे पैसे स्वतः भरतात आणि फोनही कोणतेही सिम स्वीकारतो. तरीही डेटा पॅक घेतल्याखेरीज तो फोन आपला होत नाही, अशी व्यवस्था सगळ्यांनी मिळून करून ठेवली आहे.

आई विश्रामबागला आमच्याजवळच राहते. घरात केबलवाल्याचे फायबर आहे, त्याचे पैसे आम्ही दर महिन्याला भरतो, आणि पुण्याच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे, भजने ऐकणे आणि नात्यातल्या ग्रुपवरचे फोटो पाहणे हा तिचा इंटरनेटचा सगळा व्यवहार घराच्या चार भिंतींच्या आत होतो. भाजी आणायला, देवळात किंवा मिरजेला डॉक्टरांकडे जाताना तिला फक्त फोन करता आणि घेता आला पाहिजे आणि बँकेचा मेसेज आला पाहिजे. अशा बाईला रोजचा दीड-दोन जीबी डेटा विकत घ्यायला लावायचा, जो न वापरता रात्री बारा वाजता संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच वाया जातो, याचे समर्थन कोणीही मला देऊ शकलेले नाही. दारात भरलेली विहीर असलेल्या घराला टँकर लावायला भाग पाडण्यातला हा प्रकार आहे.

फोन सुरू करण्याची पहिलीच पायरी पाहा. भाषा निवडली की सिम घाला, मग इंटरनेट जोडा, मग खाते उघडा, अशा क्रमाने पडदे येत राहतात. इंटरनेट न जोडता पुढे जाण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, पण आईच्या फोनवर ते शब्द पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात फिकट, बारीक अक्षरांत होते, आणि 'पुढे' हे बटण मात्र निळेशार, अंगठ्याएवढे. त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले की फोन लगेच इशारा देतो, की असे केल्यास अमुक मिळणार नाही आणि तमुक चालणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो इशारा वाचला की त्याचा हात मागेच येणार, आणि बनवणाऱ्यांना नेमके तेच हवे असते असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी खेळ, खरेदी आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची एक यादी येते, ज्यातल्या प्रत्येक चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असते. एकेक खूण काढत बसावे लागते. आईला कर्ज नको आहे, हे तिने न सांगताही फोनला आधी गृहीत का धरता येत नाही?

हे सगळे तरी घरात बसून पार करता येते. खरी अडवणूक सिमपासून सुरू होते. आईचे जुने सिम बटणाच्या फोनमधले, मोठ्या आकाराचे आणि टूजीच्या काळातले होते. नव्या फोनला छोटे फोरजी सिम लागते, म्हणून ते बदलून घ्यायला कंपनीच्या गॅलरीत जावे लागले. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन झाल्यावर काउंटरवरच्या मुलाने आईला सांगितले, "काकू, नेटपॅक मारल्याशिवाय ह्या फोनवर कॉल लागायचा नाही." फोरजीवरचा कॉल नेटवर्कच्या आत डेटासारखा जात असला तरी त्याचा हिशेब कॉल म्हणूनच होतो, ग्राहकाच्या डेटा पॅकमधून काहीही कापले जात नाही, आणि बहुतेक फोनमध्ये मोबाइल डेटाचे बटण बंद ठेवूनही तो लागतो. हे त्या मुलाला माहीत नसेल तर कंपनीने त्याला शिकवलेले नाही, आणि माहीत असेल तर समोरच्या बाईला तो धडधडीत खोटे सांगत होता. दोन्हींपैकी काहीही असले तरी तोटा आमचाच होता, आणि आमच्यामागे उभ्या असलेल्या, तासगाव आणि जतकडून एसटीने आलेल्या माणसांचा त्याहून जास्त होता, कारण त्यातल्या बहुतेकांनी मुकाट्याने मोठा पॅक मारून घेतला.

त्यानंतर घडले ते अधिक चीड आणणारे. नवे सिम चालू झाले, कॉल लागू लागले, आणि एकही एसएमएस येईना. व्हॉट्सअ‍ॅपचा कोड नाही, खाते उघडताना दिलेल्या नंबरची खातरजमा नाही, बँकेचा ओटीपी नाही. आईला वाटले फोनच बिघडलेला निघाला आणि ती तो परत करण्याच्या गोष्टी बोलू लागली. सिम बदलल्यावर 24 तास त्या नंबरचे येणारे आणि जाणारे दोन्ही एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा 2022 मधला आदेश आहे. कोणी भामट्याने आपल्या नावाचे दुसरे सिम काढले तर ओटीपी त्याच्या हाती पडून खाते रिकामे होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ही आहे की ज्या काउंटरवर नेटपॅकबद्दल न विचारता सांगितले गेले, त्याच काउंटरवर या 24 तासांबद्दल चकार शब्द काढला गेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा कोड एसएमएसऐवजी फोन करून ऐकवण्याचीही सोय असते, आणि कॉल तर सुरूच होते. म्हणजे एक वाक्य सांगितले असते तरी आई त्याच संध्याकाळी नातवंडांना पाहू शकली असती. एसएमएस येईना म्हणून गॅलरीत फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, की नेटपॅक टाकून बघा. सरकारी आदेशाने बंद असलेला एसएमएस नेटपॅक टाकून कसा सुरू होणार होता, हे त्या उत्तर देणाऱ्याने मला समजावून सांगावे.

आता पॅककडे वळतो. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसचा किमान एक वेगळा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असे ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 23 डिसेंबर 2024 च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक केले, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर बटणाचा फोन वापरणाऱ्यांनाही डेटाचे पैसे भरावे लागत होते, म्हणून ही दुरुस्ती फार मोलाची होती. जानेवारी 2025 मध्ये खासगी कंपन्यांचे पॅक आले खरे, पण त्यातला लहानात लहान पॅकही तेव्हा 84 दिवसांचा आणि साडेचारशे रुपयांच्या आसपासचा होता. हातावर पोट असलेल्या माणसाला महिन्याचा पॅक परवडतो. त्याच्यासमोर एकदम तीन महिन्यांचे पैसे मागायचे आणि मग लोक हा पॅक घेतच नाहीत असे म्हणायचे, ही ग्राहकाची सोय नव्हे. आमच्या गॅलरीच्या भिंतीवर डेटाचे सगळे पॅक रंगीत अक्षरांत लावलेले होते, या पॅकचा तिथे उल्लेखही नव्हता. कंपनीच्या अ‍ॅपमध्येही लोकप्रिय, रोजचा डेटा, मनोरंजन, परदेश प्रवास असे सगळे कप्पे ओलांडून गेल्यावर तो सापडला. असा पॅक आहे का, असे मी थेट विचारले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तो बटणाच्या फोनसाठी असतो, टचला चालत नाही." सिम कोणत्या फोनमध्ये आहे याच्याशी त्या पॅकचा काहीही संबंध नाही. आईच्या फोनवर आज तोच पॅक चालू आहे आणि त्यावर कॉल व्यवस्थित लागतात.

या सक्तीचे सर्वांत वाईट फळ मात्र खेड्यांतून दिसते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्याच्या घरी वायफाय नाही आणि ज्याने डेटा पॅकही घेतलेला नाही, तो माणूस फोन सुरू करून घ्यायला मोबाईल शॉपीत जातो. दुकानदार स्वतःच्या हॉटस्पॉटवर फोन जोडतो, गर्दीत घाईघाईने मनाला येईल त्या नावाचे जीमेल खाते उघडतो, पासवर्डही स्वतःच ठरवतो, आणि फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो. खाते आपल्या नावाने उघडले आहे हेच गिऱ्हाइकाला माहीत नसते. वर्षा-दोन वर्षांनी फोन अडकू लागला म्हणून कोणी बटणे दाबून रिसेट केला, की फोन आधीचे खाते आणि पासवर्ड मागतो, कारण चोरीच्या फोनचा कोणाला उपयोग होऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये 2015 पासून तसे कुलूप आहे. चोरासाठी केलेले ते कुलूप मालकालाच बाहेर ठेवते. दुकानदाराला पासवर्ड आठवत नाही, फोनची पावती हरवलेली असते, आणि कुलूप काढून देण्याचे पुन्हा पैसे घेतले जातात. आमच्या नात्यातल्या कवठेमहांकाळच्या एका कुटुंबाचे असेच झाले. त्या खात्यात मुलीच्या लग्नाचे फोटो होते आणि ते परत मिळाले नाहीत. त्या घरातली माणसे नशिबाला बोल लावतात. मी मात्र तो त्या घाईच्या सेवेला आणि तिला जन्म देणाऱ्या व्यवस्थेला लावतो.

आईच्या फोनवर आम्ही वायफाय कॉलिंगही, म्हणजे रेंजऐवजी वायफायवरून नेहमीचा कॉल करण्याची सोय, सुरू केले, कारण आमच्या जुन्या घराच्या जाड भिंतींमुळे आतल्या खोलीत रेंज येत नाही. कंपनीचे सिम, घरचे वायफाय आणि डेटा पॅक अजिबात नाही, अशा स्थितीत कॉल अगदी स्वच्छ ऐकू येतो. ही सोय देशात 2019 च्या अखेरपासून आहे आणि गॅलरीत आमच्याशी कोणीही तिचा उच्चार केला नाही, कारण ती सांगितल्याने कोणाचा पॅक विकला जात नाही.

सिम बदलून देताना 24 तास एसएमएस बंद राहतील, हे मराठीत छापलेल्या चिठ्ठीवर लिहून ग्राहकाच्या हातात द्या. कॉल आणि एसएमएसचा पॅक, त्याची मुदत आणि किंमत, डेटाच्या पॅकइतक्याच मोठ्या अक्षरांत त्याच भिंतीवर लावा. दुकानदाराने खाते उघडून दिले तर त्याचे नाव आणि पासवर्ड फोनच्या खोक्यावर लिहून द्यावा आणि तो घरी गेल्यावर बदला असे सांगावे. यातल्या कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही, छापील कागद आणि पेन एवढेच लागते. गॅलरीच्या तक्रारवहीत मी हे सर्व लिहिले आहे, कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला आहे, आणि उत्तर न आल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागण्याची जी तरतूद नियमात आहे, तिचा वापर मी करणार आहे.