माळवदावरून अमेरिका

आबांनी शेतातल्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला आणि माझ्या नोकरीचं घरात जे काही कौतुक होतं ते त्या दिवशी संपलं. त्याआधी बरं चाललं होतं. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात बसून हा अमेरिकेतला कंप्युटर दुरुस्त करतो, म्हटल्यावर पाव्हण्यांचा चहा बशीतच निवायचा. "म्हंजे पाना-पक्कड कायच लागत न्हाई?" एका मामांनी काळजीनं विचारलं होतं. आता आबा ओसरीवर बसून स्टार्टरातल्या सिमला फोन लावतात, दोन किलोमीटरवर विहिरीवरची मोटार सुरू होते आणि ते माझ्याकडं बघतात. 'मग तुला पगार कशाचा?' हे तोंडानं विचारत नाहीत इतकंच.

मी मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे हिशेब ओढणाऱ्या अवजड कंप्युटरवर काम करतो. मेनफ्रेम आणि आबा एका वयाचे. आमच्या मेनफ्रेमचा पूर्वज, सिस्टीम ३६०, आयबीएम कंपनीनं जाहीर केला ७ एप्रिल १९६४ रोजी. आबांची दाखल्यावरची तारीख १ जून १९६४, म्हणजे निम्म्या गावाची असते तीच, मास्तरांनी टाकलेली. दोघंही अंगानं अवजड, बोलायला तुटक. दोघांनाही आता बसवावं असा ठराव तरुण मंडळी अधूनमधून करतात आणि पुढच्या महिन्यात गुपचूप त्यांच्याकडंच कामाला जातात. नव्या मशीनच्या नावात 'झेड' असतो, तो झिरो डाउनटाइमचा. आणि ह्या कधीच बंद न पडणाऱ्या यंत्राची राखण कुणाकडं, तर माझ्याकडं. जिथं डीपी जळाली की नवी येईपर्यंत गाव पुन्हा कंदिलाच्या काळात जाऊन येतं.

लोकांना वाटतं मी रात्रभर जागतो. तसं नाही. त्यांची रात्र म्हणजे आमची सकाळ. दिवसभराचा हिशेब ते रात्री बॅचनं, म्हणजे एकगठ्ठा करतात, तेव्हा इथं आमच्याकडं दूधवाला येऊन गेलेला असतो. त्यांच्या मीटिंगा मात्र त्यांच्या दुपारी, म्हणजे आमच्याकडं जेवणं उरकून अंथरुणं पडल्यावर. झोप कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

परवाची महिनाअखेर. मे महिना, त्यामुळं माळवदावर मायच्या कुरडया वाळत होत्या आणि त्यांची राखणही माझ्याकडंच, कारण नेटवर्क माळवदावर सान्याच्या, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकाच्या, बाजूलाच येतं. सकाळी सव्वाआठला फोन थरथरला. जॉब पडला, म्हणजे रात्रीच्या हिशेबातलं एक काम मध्येच थांबलं. बिघाडाचा कोड एस झिरो सी सेव्हन. आमच्यात त्याला सॉक सेव्हन म्हणतात.

आत शिरायला आकडा लागतो. तो मोबाइलवर दिसतो आणि मिनिटात शिळा होतो. मी आकडा टाकेपर्यंत नेट जायचं, नेट येईपर्यंत आकडा जायचा. चौथ्या वेळी शिरलो. एकदा आत गेलं की मात्र सुख आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं. व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या गुलाबाच्या फुलापेक्षा हा पडदा हलका, एका काडीच्या नेटवर्कवरही चालतो.

तोवर कॉलवर चौदा जण जमले होते. डंप, म्हणजे जॉब पडला त्या क्षणीची यंत्राच्या मेमरीची नक्कल, उघडला. हप्त्याच्या रकमेच्या जागी ४०४०४०४०. हे चाळीस हजार वगैरे नव्हे. मेनफ्रेमच्या लिपीत ४० म्हणजे कोरी जागा. कुणीतरी रक्कमच भरली नव्हती, आणि कोऱ्या जागेची बेरीज करायला यंत्रानं साफ नकार दिला होता.

सान्यातून खालून आबांचा आवाज आला. "काय झालं रे?"

"थांबलंय, आबा."

"कामून?"

मी सांगितलं. मोंढ्यात मापाड्यानं एका पट्टीवर वजनाचा रकाना कोराच ठेवला, तर मुनीम बेरीज कशी करील? शून्य लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"मंग ती पट्टी बाजूला काढ, बाकीची बेरीज उरक. त्या मापाड्याला सांजच्याला इचार."

कॉलवरच्या चौदा जणांना ह्याच निर्णयाला यायला पन्नास मिनिटं लागली. मध्येच गल्लीतलं कुत्रं जिन्यानं वर आलं आणि कुरडयांकडं निघालं. मी ओरडलो, "हाऽड!" माइक चालू होता. तिकडचे साहेब गंभीरपणे म्हणाले, हो, हार्ड आहे खरं.

मग लाईट गेली. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर येतो, आणि टॉवरची बॅटरी आमच्या इन्व्हर्टरची सख्खी बहीण. मी बाहेर फेकला गेलो. वीस मिनिटांनी काडी आली, आकड्यांचा खेळ पुन्हा झाला, आयडी टाकला. मेनफ्रेम म्हणाला, हा आयडी वापरात आहे. म्हणजे मी आत बसलेलो होतो. मी माळवदावर उन्हात, डोक्याला मायचं धुडकं गुंडाळून, आणि मीच आत! तिकडच्या ऑपरेटरला फोन करून मला रद्द करायला सांगितलं. "नक्की करू?" त्यानं विचारलं. ह्या नोकरीत एवढ्या मायेनं पहिल्यांदाच कुणी विचारलं.

शेवटी ती नोंद बाजूला काढली आणि जॉब पडल्या पायरीपासून सोडला. रिटर्न कोड चार शून्यं, म्हणजे सगळं ठीक. कुरडया मात्र मोजणीत भरल्या नाहीत. माय म्हणाली, "अमेरिका सांभाळायला, आन् घरचं कुत्र्याला."

दुपारभर मूळ कारणाचा अहवाल लिहिला. रूट कॉज, परिणाम, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय, तीन पानं.

संध्याकाळी लाईट आली. आबांनी मोटारीला फोन लावला. मोटार लागेना. पुन्हा लावला. मग चप्पल घातली आणि माझ्याकडं बघितलं. दोघं चालत विहिरीवर गेलो, मी टॉर्च धरली, आबांनी पेटी उघडली, काडीनं काहीतरी उकरून बांधावर टाकलं आणि झाकण लावलं.

"काय होतं, आबा?"

"पाल."