विलांद्रीचा कोबी आणि काकांची बाकरवडी

फ्रान्सच्या खेड्यापाड्यात दुपारी दोननंतर माणसाला भूक लागत नाही, असं तिथल्या हॉटेलवाल्यांचं ठाम मत आहे. मी दोन वाजून दहा मिनिटांनी आत शिरले तर मालकाने आधी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, बास. आत लोक निवांत चीज खात बसले होते आणि एकीच्या खुर्चीखाली तिचा कुत्रा वाटीतून पाणी पीत होता, म्हणजे कुत्र्याची सोय होती. मला तसंही सॅलडच मिळालं असतं, शाकाहारी माणसाला तिकडे दुसरं काय देतात, पण राग यायचा तो आलाच.

अशा उपाशी पोटी मी विलांद्रीला गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुआर नदीच्या खोऱ्यातल्या सगळ्या राजवाड्यांमध्ये भाज्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा एकच. नऊ मोठे चौकोन, आकार सगळ्यांचा सारखा पण प्रत्येकातली नक्षी वेगळी, आणि त्या नक्षीत फुलांऐवजी लाल कोबी, कांद्याच्या पातीसारखं लीक, बीट, भोपळे. वर्षातून दोनदा लागवड करतात. गच्चीवरून बघितलं तर कुणीतरी गालिचा अंथरलाय असं वाटतं. मला मात्र नऊ चौकोन म्हणजे नऊ कढया दिसत होत्या. मी मैत्रिणीला फोन लावला आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "अगं समोर शंभर माणसांची भाजी उभी आहे आणि मला मेल्यांनी जेवायला नाही दिलं!"

"मराठी का हो?" मागून आवाज आला.

परदेशात मराठी ऐकू आलं की उर भरून येतो म्हणतात. येतोही, पहिली दोन मिनिटं.

काका बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. डोक्यावर टूर कंपनीची टोपी, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात बाकरवडीचं पाकीट. पाकीट फोडलेलं होतं हे मला आधी दिसलं, काका नंतर दिसले.

"हे कोण खातं?" काकांनी कोबीकडे बघत विचारलं.

"कोणी नाही बहुतेक, शोभेचा आहे."

"शोभेचा कोबी!" काकांनी एक बाकरवडी तोंडात टाकली. "म्हणजे खत घालायचं, पाणी घालायचं, माणसं ठेवायची, आणि आपण सतरा तास विमानात बसून त्यांचा कोबी बघायला यायचं. आमच्या मागच्या अंगणात कोबी लावला तर शेजारी बघत नाही."

मग काकांनी एस्टिमेट काढायला घेतलं. एका चौकोनाला किती रोपं, किती मजूर, दिवसाला किती लिटर पाणी. पाण्यावर आल्यावर ते जरा खूश झाले, कारण वरच्या अंगाला मोठं तळं आहे आणि तिथलं पाणी उतारानेच खाली खंदकाकडे येतं. "पंप नाही, काही नाही. ग्रॅव्हिटी!" अजून एक बाकरवडी. मी पाकिटाकडे इतक्या उघडपणे बघत होते की कोणालाही कळलं असतं. काकूंना कळलं बहुधा, त्यांनी काकांना कोपर मारलं, पण काकांना वाटलं फोटो काढायची आठवण करतायत. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि कोबीपुढे उभे राहिले, पाकीट मागे लपवून.

फोटोच्या मधे मधे मीच काहीतरी बोलत राहिले, निदान बोलण्याचा तरी मोबदला मिळेल म्हणून. सांगितलं की वाडा १५३६ च्या सुमाराचा, पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या खजिन्याच्या मंत्र्याने बांधलेला, पण ही बाग तेव्हाची नाही. १९०६ मध्ये होआकिम कार्वाल्यो नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने वाडा विकत घेतला, संशोधन सोडून दिलं आणि तिथलं इंग्लिश धाटणीचं पार्क काढून जुन्या पद्धतीची बाग नव्याने आखली.

"म्हणजे डुप्लिकेट!" काका एकदम जिंकल्यासारखे म्हणाले. "अहो आमचं गावचं घर याहून जुनं आहे. तिकीट लावू का?"

"आणि पैसा त्याच्या बायकोचा होता," मी म्हणाले. "अमेरिकन, श्रीमंत घरची."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे बघितलं. विषय बदलला.

सकाळी त्यांना शांबोरचा राजवाडा दाखवला होता. चारशेच्या वर खोल्या, २८२ चुली, म्हणजे फायरप्लेस, आणि ज्या राजाने बांधला तो सगळ्या कारकिर्दीत मिळून जेमतेम काही आठवडे राहिला. हे काका मलाच सांगत होते, जणू खर्च माझ्या सहीने मंजूर झाला होता. शनोन्सोच्या वाड्याचं तर विचारूच नका. दुसरा हेन्री राजा १५५९ मध्ये मेल्यावर राणी कातरीनने त्याच्या लाडक्या दियानला तिथून घालवलं आणि बदल्यात शोमोंचा वाडा दिला, हे ऐकून काकांनी निकाल दिला, "पुनर्वसन तरी केलं. आमच्याकडे धरणग्रस्तांना अजून नाही."

हे खरंच होतं, त्यामुळे हसावं की नाही कळेना.

पुढे प्रेमाची बाग लागते. छाटलेल्या झुडपांचे चार चौकोन, कोवळं प्रेम, उत्कट प्रेम, चंचल प्रेम आणि शेवटचं दुःखांत, त्यात खंजीर आणि तलवारींचे आकार. काकू तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या खंजिरांपाशी थांबल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "छाटणी बाकी वेळच्या वेळी करतात."

मला खरं तर तिथे एकटीला तासभर बसायचं होतं. इतक्या लांब, इतके पैसे घालून, दोन गाड्या बदलून येतो आपण, आणि शेवटी काय बघतो तर दुसऱ्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर दुसऱ्याचे काका. बरं त्यांचाही दोष किती काढायचा, टूरवाल्याने त्यांना एका दिवसात तीन राजवाडे दाखवायचं ठरवलेलं, प्रत्येकी चाळीस मिनिटं, त्यात वीस मिनिटं बाथरूमची रांग. पण बाकरवडी द्यायला चाळीस मिनिटं लागत नाहीत हो. एक. एक विचारायची. मी नाही म्हणाले असते, निदान पहिल्यांदा तरी.

शिट्टी वाजली, ग्रुप गोळा झाला. काकांनी पाकिटाची घडी घातली, खिशातून रबरबँड काढून लावला आणि माझा नंबर घेतला, "फोटो पाठवायला." आता फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये, काढले मी, मग पाठवणार कोण कोणाला हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता रोज सकाळी सव्वासहाला मला लाल कोबी येतो. मी काढलेला. त्यावर पिवळ्या अक्षरात 'शुभ प्रभात', खाली काकांचं नाव. परवापासून त्यांनी मला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण घेतलंय, चुकून की मुद्दाम माहीत नाही, आणि काल सेक्रेटरींनी सगळ्यांना उद्देशून विचारलं की लिफ्टचे पैसे अजून कोणाकोणाचे बाकी आहेत, तर त्या यादीत माझा पण नंबर आहे.