खुर्ची काढली, खात्यांचं काय?

एप्रिल २०२५ ला बँकॉकमध्ये बिमस्टेकची, म्हणजे भारतासह बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाची, शिखर परिषद झाली, तिथे म्यानमारचे लष्करशहा मिन आंग ह्लाइंग बाकी नेत्यांच्या रांगेत आरामात बसले होते. गंमत बघा, थायलंड आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाचा, मेंबर, म्यानमारही त्यातच, आणि त्याच आसियानने २०२१ च्या ऑक्टोबरपासून या गृहस्थांना आपल्या शिखर परिषदेची दारं बंद केलेली.

मी सिंगापूरला असतो. घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला की काकांचं एकच, "अरे तो त्यांचा अंतर्गत मामला, आपण कशाला नाक खुपसायचं". आसियानही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, एप्रिलमध्ये जकार्ताला पाच कलमी सहमती झाली, हिंसा थांबवा, सगळ्यांशी बोला वगैरे, आणि लष्कराने ती सरळ गुंडाळून ठेवली. २००९ पासून आसियानचा मानवाधिकार आयोग आहे म्हणे, पण सगळ्यांची सहमती लागते, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार त्याचंही मत घ्यायचं, मग काय होणार! तरी खुर्ची काढून घेणं अगदीच फुकट गेलं असं मला नाही वाटत, २०२६ चं अध्यक्षपदही म्यानमारऐवजी फिलिपिन्सकडे गेलं, आणि हुकूमशहांना मानपानाची फार काळजी असते.

पण खरी नस पैशाची. म्यानमारमधल्या मानवाधिकारांवर लक्ष ठेवणारे यूएनचे टॉम अँड्र्यूज यांनी २०२३ मध्ये रिपोर्ट दिला की सत्तापालटानंतर सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५ कोटी डॉलरच्या वर शस्त्रं आणि त्याला लागणारा माल लष्कराकडे गेला. इथल्या सरकारने चौकशी लावली आणि वर्षभरात दरवर्षी जाणाऱ्या मालाचा आकडा अकरा कोटींवरून एक कोटीच्या आसपास आला. भाषण नाही, ठराव नाही, फक्त कागद तपासले. आता यावर खूश व्हावं तर त्याच काळात थायलंडमधून जाणारा माल दुप्पट झाला, सहा कोटींवरून बारा. म्हणून तर एकट्या देशाने करून भागत नाही, या मालाचे पैसे ज्या बँकांतून जातात त्यांना सगळ्या मेंबरांनी मिळून एकच नियम लावला पाहिजे आणि आसियान नेमकं तेच करत नाही. इथल्या पेनिन्सुला प्लाझा मॉलमध्ये बर्मी, म्हणजे म्यानमारच्या, लोकांच्या दुकानांतून फिरलं की हे लोक कशासाठी घर सोडून आलेत ते वेगळं विचारावं लागत नाही.

आपल्याकडे तर तेवढंही नाही. दक्षिण आशियाई देशांच्या सार्कच्या सनदेतच लिहिलंय की दोन देशांमधले आणि वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत, आणि २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही. उरलं बिमस्टेक, तिथे लष्करशहाला मानाने बसवतात. सीमा, ईशान्य, चीन, ही काकांची कारणं खोटी नाहीत, मिझोराममध्ये म्यानमारचे हजारो निर्वासित आलेत ते काही दिल्लीला विचारून आले नाहीत. पण त्याच रिपोर्टमध्ये भारताचाही आकडा आहे, पाच कोटी डॉलरच्या वर, त्यात सरकारी कंपन्याही आहेत. माल पाठवताना आपण नाक खुपसत नव्हतो का, हे मी काकांना ग्रुपवर विचारलंय, अजून उत्तर नाही.